मानसशास्त्राच्या लॅबमध्ये विद्यार्थी मदतनीस: काम काय, आणि सांभाळायचं काय



मानसशास्त्र घेऊन शिकणारी मुलं आणि त्यांचे आईवडील एक प्रश्न मला सारखा विचारतात. इंदूरहून विचारतात, बडोद्याहून विचारतात, बेळगाव आणि दिल्लीहूनही विचारतात. विभागातल्या मॅडमनी त्यांच्या लॅबमध्ये मदतीला ये म्हणून सांगितलंय, पगार नाही, आठवड्याचे आठ-दहा तास जातील, तर जावं का? आणि तिथे नेमकं करायचं काय असतं? आजचा भाग त्यावर.

आधी डोळ्यांसमोरचं चित्र जरा नीट करू. मानसशास्त्राची लॅब म्हटलं की कुणाला सिनेमातला तो लांब सोफा दिसतो, कुणाला पांढरे कोट. बहुतेक विद्यापीठांत ती एक साधी खोली असते. दोन-तीन कॉम्प्युटर, एक कुलूपबंद कपाट, आणि दारावर 'प्रयोग चालू आहे, आत येऊ नये' अशी पाटी. पण लॅब म्हणजे खोली नव्हे, माणसं. एक प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारे दोन-चार जण, प्रोजेक्टच्या पैशांतून नेमलेला एखादा असिस्टंट, आणि सगळ्यात शेवटी बी.ए., एम.ए.च्या वर्गांतली मदतनीस मुलं. ही मुलं तिथे रुग्ण तपासत नाहीत आणि समुपदेशनही करत नाहीत. ती माहिती गोळा करतात, म्हणजे माणसं कशी लक्षात ठेवतात, कशी निवड करतात, कशी घाबरतात, याची.

ही प्रथा मानसशास्त्राइतकीच जुनी आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली. तिथे अमेरिकेहून आलेला जेम्स कॅटेल नावाचा विद्यार्थी स्वतःच पुढे होऊन, तुम्हाला मदतनीस हवाय आणि तो मी आहे, असं वुंटना म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला, तो नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली. नंतर १९२४ मध्ये म्हैसूरला, एम. व्ही. गोपालस्वामींच्या हाताखाली. याच गोपालस्वामींनी पुढे म्हैसूरला खासगी रेडिओ केंद्र काढलं आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिलं. असो, तो वेगळ्या भागाचा विषय.

मी स्वतः हैदराबादला एम.ए. करत असताना अशा एका लॅबमध्ये दोन वर्षं काम केलं. विषय होता वयस्क माणसांची स्मरणशक्ती. मला घेतलं ते मराठी येतं म्हणून. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्या घरांतल्या आजी-आजोबांशी तेलुगू किंवा इंग्रजीत चाचणी करण्यात अर्थ नव्हता. म्हणून महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मुलांना मी सांगते, तुमची भाषा ही या कामातली तुमची पहिली पात्रता असू शकते. भाषेकडे पुन्हा येऊच.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मुलगा लॅबमध्ये येतो तो प्रॅक्टिकलचं जर्नल लिहून आलेला असतो. अकरावी-बारावीपासून ते जर्नल सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दोन मित्रांच्या जोड्या, एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त. आरशात बघून चांदणी गिरवायची, वेळ मोजायची, आलेख काढायचा आणि शेवटी लिहायचं: गृहीतक सिद्ध झाले. आलेख पाठ्यपुस्तकातल्यासारखा आला नाही तर काय होतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. खोडरबर निघतो. कधी शिक्षकच सांगतात, जरा बघ परत. कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि गुण ते उत्तर आणण्याला असतात.

लॅबमध्ये नेमकं उलट असतं. तिथे उत्तर कुणालाच माहीत नसतं, निदान नसायला हवं. मदतनिसाचं अर्धं काम म्हणजे आपल्याला हवं ते उत्तर नकळत आत सोडायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून दोन जुने प्रयोग सांगते. दोन्हींत विद्यार्थी आहेत.

पहिला १९६३ चा, रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांचा. त्यांनी बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले आणि उंदरांना साधा चक्रव्यूह शिकवायला सांगितलं. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत. उरलेल्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ आहेत. खरं तर सगळे उंदीर एकसारखेच होते, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटलेले. तरीही 'हुशार' उंदीर जास्त चांगले शिकले. विद्यार्थ्यांनी मुद्दाम लबाडी केली, असा याचा अर्थ नाही. हुशार म्हणून मिळालेला उंदीर हाताळताना हात हलका होतो, त्याच्याकडे लक्ष जास्त जातं, आणि जनावराला ते कळतं. मग समोर माणूस असेल तर किती कळत असेल?

दुसरी गोष्ट बर्लिनच्या घोड्याची. त्याला हुशार हान्स म्हणत. मालक फोन ऑस्टेन यांनी बेरीज विचारली की हा घोडा खूर आपटून उत्तर द्यायचा. आपल्याकडचा नंदीबैल आठवा. पाऊस येणार का म्हटलं की मान हलवतो, आणि आपण हसून पसाभर धान्य घालतो, कारण त्यात गुबुगुबू वाजवणाऱ्याची खूण असते हे आपण धरूनच चालतो. फोन ऑस्टेन मात्र प्रामाणिक होते. घोड्याला खरंच गणित येतं असं त्यांना वाटायचं. हे कोडं ऑस्कार फुंग्स्ट नावाच्या तरुणाने सोडवलं. तो कार्ल श्टुम्फ या प्राध्यापकांच्या संस्थेत काम करत होता. त्याने एक साधी गोष्ट केली: ज्याला उत्तर माहीत नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावलं. घोडा चुकायला लागला. मग दिसलं की विचारणारा माणूस खुराकडे बघताना किंचित वाकतो, आणि बरोबर आकडा आला की नकळत किंचित सरळ होतो. घोडा गणित करत नव्हता, माणूस वाचत होता. फुंग्स्टचं पुस्तक १९०७ साली आलं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढची आहे: युक्ती कळल्यानंतरही फुंग्स्टला स्वतःची हालचाल थांबवता येईना. म्हणून लॅबमध्ये 'मी काळजी घेईन' या शब्दाला किंमत नसते. पद्धतच अशी आखावी लागते की माझ्या इच्छेला शिरायला जागा राहू नये.

ती पद्धत म्हणजेच मदतनिसाचं रोजचं काम.

माझं उदाहरण घ्या. आकडे लक्षात ठेवण्याची एक चाचणी असते. मी आकडे वाचायचे, समोरच्या आजोबांनी त्याच क्रमाने परत म्हणायचे. नियम असा की सेकंदाला एक आकडा, आणि आवाज सपाट. आता आपण मराठी माणसं फोन नंबर कसा सांगतो? दोन-दोनच्या जोड्या करून, चालीवर. आकडे चालीवर म्हटले की ते गटागटाने लक्षात राहतात, मग चाचणी स्मरणाची न राहता माझ्या चालीची होते. म्हणून मला सुरुवातीचे पंधरा दिवस फक्त आकडे वाचायचा सराव दिला होता, घड्याळ समोर ठेवून. एम.ए.ची विद्यार्थिनी पंधरा दिवस पाच-दोन-नऊ-एक म्हणत बसली आहे, हे घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, यासाठी हैदराबादला पाठवलं का तुला?

खरी कसोटी पुढेच. आजोबा आकडे म्हणतात आणि तुमच्याकडे बघून विचारतात, "बरोबर आलं का गं बाळ?" तुमच्या आजोबांच्या वयाचा माणूस. तोंडून 'हो आजोबा, छान!' निघणारच. पण ते म्हणायचं नाही, कारण मग पुढच्या आजोबांना, जे जरा तुटक वागतात, त्यांनाही तितक्याच उत्साहाने म्हणावं लागेल, आणि ते आपण म्हणणार नाही. आमच्या कागदावर वाक्य ठरलेलं होतं: "तुम्ही सांगताय ते मी लिहून घेतेय, आपण पुढे जाऊ." सगळ्यांना तेच, त्याच सुरात. घरी जाऊन चाचणी घ्यायची तर आणखी गमती. चहा येतो. चहा चाचणी झाल्यावर. स्वयंपाकघरातून सूनबाई उत्तर सांगतात. ते उत्तर धरायचं नाही, आणि 'इथे मदत झाली' अशी नोंद करायची. या नोंदी पुढे सोन्याच्या मोलाच्या ठरतात, त्या टाळायचा मोह मात्र फार होतो, कारण पान खराब दिसतं. जर्नलची सवय!

मग ही माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची. कुणी उत्तर दिलं नसेल तर रिकामी जागा न ठेवता तिथे ठरलेला आकडा टाकतात. बरेच लोक ९९ टाकतात. आमच्याकडे ते चालण्यासारखं नव्हतं, कारण वयाच्या रकान्यात ९९ हे खरं उत्तर असू शकत होतं. असल्या गोष्टी कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत.

आणखी एक काम म्हणजे कोडिंग. इथे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिणं असा अर्थ नाही. लोकांनी मुलाखतीत जे सांगितलं ते ऐकून प्रत्येक उत्तराला ठरलेल्या प्रकारात बसवायचं. हे काम दोघांना वेगवेगळं देतात, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि उत्तर कोणत्या गटातल्या माणसाचं आहे तेही सांगत नाहीत. नंतर दोघांचं किती जुळलं ते काढतात. नुसती टक्केवारी पुरत नाही, कारण दोघांनी डोळे मिटून खुणा केल्या तरी काही जुळतीलच. तो योगायोगाचा भाग वजा करून जो आकडा उरतो त्याला कप्पा म्हणतात. तो कमी आला तर मदतनीस मूर्ख ठरत नाही. बहुतेक वेळा प्रकारांच्या व्याख्याच ढिल्या निघतात, आणि ते शोधून देणं हीसुद्धा मदतच असते.

आता भाषेबद्दल, कारण ही मालिका वाचणारे तुम्ही निरनिराळ्या राज्यांत आहात. मानसशास्त्रातल्या बहुतेक चाचण्या इंग्रजीत तयार झाल्या. त्या मराठीत आणताना आधी एकजण मराठी करतो, मग ज्याने मूळ पाहिलेलं नाही असा दुसरा माणूस ते पुन्हा इंग्रजीत नेतो, आणि दोन इंग्रजी ताडून बघतात. याने ढोबळ घोटाळे कळतात. बारीक कळत नाहीत. 'गेल्या दोन आठवड्यांत' असं छापलं आणि आजींनी 'गेल्या पंधरा दिवसांत' असं ऐकलं तर फारसं बिघडत नाही. पण 'उदास वाटतं का' याला 'नाही' म्हणणाऱ्या आजी 'जिवाला चैन नाही' असं पुढच्याच मिनिटाला सांगतात. त्यांच्या तोंडी उदास हा शब्दच नसतो. हे टिपणारा माणूस प्राध्यापक असेलच असं नाही, तो मराठी जाणणारा मदतनीस असतो.

चाचणीच्या आतही भाषा काम करत असते. १९८० साली एलिस आणि हेनेली या दोघांनी दाखवलं की वेल्स भाषेतले आकडे इंग्रजी आकड्यांपेक्षा उच्चारायला जास्त वेळ घेतात, आणि म्हणून वेल्समध्ये चाचणी दिली की मुलांचे आकडे कमी लक्षात राहतात. मुलं मंद नव्हती, शब्द लांब होते. आमच्या हैदराबादच्या आजोबांपैकी काही निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. बोलणं मराठी, पण पाढे उर्दूत. त्यांना आकडे कोणत्या भाषेत द्यायचे? आधी ठरवावं लागतं, सगळ्यांसाठी एकच नियम. शब्दाचा अर्थ एक आणि तो छापलाय वेगळ्याच रंगात, तर शाईचा रंग सांगा, ही १९३५ ची स्ट्रूपची चाचणी तुम्ही कॉलेजात केली असेल. ती मराठीत करायला घ्या. लाल हा शब्द सगळीकडे लाल. पण निळा छापायचा की निळी की निळं? मी विचारलं तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं, कारण इंग्रजीत हा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या बैठकीत यावर तासभर चर्चा झाली, आणि त्या तासात मला मदतनीस म्हणून पहिल्यांदा वाटलं की मी फक्त आकडे वाचायला आलेली नाही.

हे प्रश्न बारीक वाटतात, पण त्यांच्या पुढचं टोक मोठं आहे. हैदराबादच्या निम्स या रुग्णालयातल्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही तो फरक होता. जगभर याची चर्चा झाली. २०१० मध्ये हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं होतं की मानसशास्त्र ज्याला 'माणूस' म्हणतं तो बहुतेक वेळा पाश्चात्त्य, शिकलेला, श्रीमंत देशातला असतो. काचीगुड्याच्या आजींना त्या 'माणसा'त आणायचं तर त्यांच्याशी कुणीतरी त्यांच्या भाषेत, नीट, एकाच पद्धतीने बोलायला हवं.

समोरच्या माणसाबद्दल एक गोष्ट मी जरा कडकपणे सांगते. संमतिपत्र हा सही घ्यायचा कागद नाही. 'मध्येच थांबलात तरी चालेल' हे वाक्य मोठ्याने आणि खरं वाटेल असं म्हणायचं. आपल्याकडे माणसं नाही म्हणायला संकोचतात, त्यात समोर विद्यापीठाचं ओळखपत्र घातलेली मुलगी. वर्गातल्याच मुलांना प्रयोगाला बसवत असाल तर संकोच दुप्पट, कारण मनात असतं की नाही म्हटलं तर मॅडम इंटर्नलचे गुण कापतील. ही भीती आधीच बोलून मोकळी करावी लागते, आणि सहभाग नाकारणाऱ्याचं नाव प्राध्यापकांपर्यंत जाणार नाही अशी व्यवस्था लागते.

आणि नैराश्याच्या प्रश्नावल्या. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली फार वापरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. समोरच्या व्यक्तीने तिथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली तर तुम्ही काय करणार? 'काही नाही, फाइलला लावणार' हे उत्तर असेल तर त्या लॅबमध्ये ती प्रश्नावली हातात घेऊ नका. त्याच दिवशी कुणाला कळवायचं, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचं, हे आधी लिहून ठरलेलं हवं. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तो क्रमांक कागदावर हवाच. मात्र तुम्ही समुपदेशक नाही. ऐकून घ्या, सल्ला देऊ नका, जबाबदार माणसाला लगेच सांगा.

आता सगळ्यात अवघड भाग. माहिती गोळा झाली, गणित मांडलं आणि निकाल आला नाही. म्हणजे ज्याची आशा होती तो फरक दिसला नाही. इथे खोडरबर पुन्हा निघतो, फक्त तो आता मोठ्यांच्या हातात असतो. 'हे तीन जण नीट लक्ष देत नव्हते, यांना काढा.' खरंच देत नसतील. पण हे निकाल बघण्याआधी का सुचलं नाही? २०१५ मध्ये एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निकाल 'लक्षणीय' होता, पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांतच आला. त्यातले बहुतेक मूळ संशोधक प्रामाणिकच असणार. आधी न ठरवलेले छोटे छोटे निर्णय, एकेक करून, हव्या त्या बाजूला झुकतात. म्हणून आता अनेक लॅब कुणाला वगळायचं, कोणतं गणित करायचं, हे माहिती गोळा करण्यापूर्वीच तारखेसह नोंदवून ठेवतात.

सरळ फसवणूकही होते. नेदरलँड्समधल्या डिडेरिक श्टापेल या नामवंत प्राध्यापकाने वर्षानुवर्षं माहिती चक्क बनवली. २०११ मध्ये ते उघड झालं, पन्नासहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. आणि उघड कुणी केलं? त्याच्याच विभागातल्या तरुण संशोधकांनी, आकडे फारच सुबक येतायत हे पाहून.

ही गोष्ट ऐकून वाटतं की खरं बोललं की काम होतं. तसं नेहमी होत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी दुसऱ्या शहरातल्या एका लॅबमध्ये होती. निकाल पाहिल्यावर दोन माणसं वगळायचं ठरलं तेव्हा तिने अगदी नम्रपणे विचारलं, सर, हा नियम आधी ठरला होता का? कुणी रागावलं नाही. पण पुढच्या महिन्यापासून तिला फक्त झेरॉक्स आणि फोनची कामं मिळायला लागली. सत्र संपल्यावर तिने लॅब सोडली, आणि शिफारसपत्र मिळालं ते चार ओळींचं. परदेशात अर्ज करणाऱ्या मुलीसाठी चार ओळींचं पत्र म्हणजे काय, हे ज्यांनी अर्ज केलेत त्यांना कळेल. ती आज चांगलं काम करते आहे, पण त्यासाठी तिला एक वर्ष जास्त लागलं. तिने विचारलं ते योग्यच होतं असं माझं मत आहे, आणि त्याची किंमत पडू शकते हेही मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुम्ही करू शकता ते इतकं: प्रत्येक सत्राची स्वतःच्या हाताने, तारीख घालून नोंद ठेवा. कोण आलं, काय घडलं, कुणाला कधी आणि कोणत्या कारणाने वगळलं. वाद घालण्यासाठी नव्हे. नोंद असलेल्या लॅबमध्ये खोडरबर चालवणं अवघड जातं, आणि चांगल्या प्राध्यापकांना अशी नोंद ठेवणारा मदतनीस फार आवडतो. माझ्या मार्गदर्शक बाई दर शुक्रवारी वह्या मागून बघायच्या आणि 'इथे मदत झाली' असं लिहिलेल्या पानांवर थांबून प्रश्न विचारायच्या. सुबक पानं त्या पटापट उलटायच्या.

राहिला प्रश्न, जायचं कसं. जाहिरात क्वचित निघते. ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांचा एक तरी शोधनिबंध पूर्ण वाचा, निदान पद्धतीचा भाग, आणि मग मेल करा. मेल इंग्रजीत असेल, हरकत नाही, पण छोटा असू दे: मी अमुक वर्षाला आहे, तुमचं अमुक काम वाचलं, त्यात मला ही गोष्ट कळली नाही, आठवड्यात इतके तास देऊ शकते, मराठी आणि हिंदी लिहिता-वाचता येतं. 'मला लहानपणापासून माणसांचं मन वाचायची आवड आहे' हे वाक्य कृपया नको. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एक आठवण करा, त्यापुढे नाही. हाताशी थोडं कौशल्य असेल तर उत्तम. जेएएसपी आणि जमोव्ही ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, प्रयोग बांधायला सायकोपाय आहे, तेही फुकट. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घ्यायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तो घ्यायचा विचार असेल तर त्याआधी लॅबमध्ये एक वर्ष घालवलेलं बरं, निदान आपल्याला हे आवडतं का ते कळेल. काहींना आवडत नाही, आणि तेही कळणं चांगलंच.

रुजू होण्याआधी काही गोष्टी विचारायला लाजू नका. माझ्या कामावर रोज कोण बघणार? अभ्यासाला नैतिक समितीची परवानगी आहे का? परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळेल का? नाव कुठे येणार? नुसती माहिती गोळा करून दिली तर सहसा लेखक म्हणून नाव येत नाही, आभारात येतं, आणि ते रीतसर आहे. प्रश्न घडवण्यात, विश्लेषणात, लिखाणात खरा वाटा असेल तर लेखक म्हणून नाव यायला हवं, आणि ते आधी बोलून घ्यावं. पैशाचं म्हणाल तर एक सत्र बिनपगारी शिकणं मी समजू शकते. पूर्णवेळ, वर्षभर, फुकट काम मात्र फक्त घरून पैसे येणाऱ्या मुलांनाच परवडतं. मग संशोधनात कोण टिकतं ते तुम्हीच बघा. प्रोजेक्टला अनुदान असेल तर मानधनाची तरतूद आहे का, प्रवासखर्च मिळेल का, हे सरळ विचारा. आणि इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच फी घेणाऱ्या जाहिराती असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शेवटी, लॅब सोडताना. कपाटाची किल्ली आणि वही परत द्यायचं सगळ्यांना आठवतं. फोन आठवत नाही. घरोघरी घेतलेली रेकॉर्डिंग, घाईत काढलेले संमतिपत्रांचे फोटो, 'काकू काचीगुडा' अशा नावाने साठवलेले नंबर. मार्गदर्शकांना सांगून, लॅबकडे मूळ प्रत पोहोचली आहे याची खात्री करून, हे सगळं त्याच दिवशी पुसून टाका, आणि पुसल्याची नोंद वहीच्या शेवटच्या पानावर करा.

पुढच्या भागात कप्पाचं गणित कागदावर करून बघू. साधी वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. नमस्कार.